प्रश्न दीड सुताचा

आमच्या लेडीज हॉस्टेलमध्येही बीजीएमआय चालतं, हे बॉईज हॉस्टेलला अजून खरं वाटत नाही. चालतं, आणि रात्री रेक्टर मॅडमचा राउंड होऊन गेला की चांगलंच चालतं! तर त्या गेममध्ये एस-१८९७ नावाची एक शॉटगन सापडते. बहुतेक जण ती सुरुवातीला नाइलाजाने उचलतात आणि दुसरं काही मिळालं की टाकून देतात. पाचच राउंड, आणि प्रत्येक गोळीनंतर तो खटक-खटक पंप. माझी रूममेट तिला ‘हातपंप’ म्हणते.

हा लेख त्या हातपंपाबद्दल आहे.

आधी एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. मराठीत मी कायम काठावर पास! बंदुकीच्या भागांना मराठीत काय म्हणतात हे मी गावाकडच्या काकांना फोन करून विचारलं. चाप म्हणजे ट्रिगर, घोडा म्हणजे हॅमर, दस्ता म्हणजे मागचं खांद्याला टेकवायचं लाकूड. पुढचं काही त्यांनाही आलं नाही, त्यामुळे बाकीचे शब्द वर्कशॉपमध्ये आपण बोलतो तसेच ठेवले आहेत. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घ्यावं.

तर १८९७ हा कुठला कोड नंबर नाही, ते साल आहे. जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन माणसाने डिझाइन केलेली आणि विंचेस्टर कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेली ही बंदूक. त्याच साली जूनमध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, म्हणजे किती जुनी गोष्ट आहे ते बघा. तरी ही बंदूक १९५७ पर्यंत बनत राहिली आणि एकूण दहा लाखांच्या वर बनली. आपण मोबाईलवर जी टाकून देतो तिचा लष्करी अवतार अमेरिकेत लोक हजारो डॉलर मोजून घेतात, कपाटात कुलपात ठेवतात, आणि रविवारी रेंजवर नेऊन वाजवतात सुद्धा.

मला हे कसं माहीत? मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ओहायोला मावशीकडे गेले होते. मावशीच्या शेजारी एक आजोबा राहतात. रिटायर्ड टूलमेकर. चाळीस वर्षं जिग आणि फिक्स्चर बनवण्यात गेली. मावशीने ‘ही मेकॅनिकलला आहे’ अशी ओळख करून दिल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, मायक्रोमीटर वाचता येतो का? मी हो म्हटलं. (मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला माझं रीडिंग शेजारच्या बेंचवरून आलं होतं, ते सांगितलं नाही.) मग त्यांनी तळघरातलं कपाट उघडलं.

आता बारा बोअर म्हणजे काय, तिथून सुरू करू. आपल्या बँकेच्या दारात सिक्युरिटी काका जी दोन नळ्यांची बंदूक घेऊन बसतात ती बारा बोअर, आणि १८९७ सुद्धा बारा बोअरच. पण बारा काय? इंच नाही, सेंटीमीटर नाही. जुना हिशोब असा, की एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. सोळा गोळे केले तर सोळा बोअर, म्हणजे नळी बारीक. आकडा मोठा, नळी लहान! वायर गेजसारखंच उलटं.

हे मी तिथल्या तिथे कागदावर करून बघितलं. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. भागिले बारा, ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणजे गोळ्याचं आकारमान ३.३३ घन सेंटीमीटर. त्यावरून व्यास काढला तर १.८५ सेंटीमीटर, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. आजोबांनी कॅलिपर पुढे केला. बरोबर साडेअठरा! सगळ्या सेमिस्टरमध्ये उत्तर पहिल्या झटक्यात जुळण्याचा हा माझा एकमेव अनुभव.

नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पीळ असतो, तो इथे नाही, कारण इथे एक गोळी नसून छर्रे असतात. लढाईत वापरायच्या काडतुसात, ज्याला डबल-ऑट बकशॉट म्हणतात, त्यात प्रत्येकी साधारण साडेआठ मिलिमीटरचे नऊ छर्रे. गेममध्ये ते झाडूसारखे पसरतात. प्रत्यक्षात अंदाजाचा नियम असा, की चोक नसलेल्या नळीतून गेलेले छर्रे एका यार्डाला साधारण एक इंच पसरतात. म्हणजे दहा यार्डांवर फार तर जेवणाच्या ताटाएवढे. तेव्हा ‘शॉटगनला नेम लागत नाही’ हे ज्याने पसरवलं त्याने कधी बंदूक बघितलेली नाही.

१८९७ ची रचना डोळ्यांनी बघण्यासारखी आहे, कारण सगळं उघड्यावर चालतं. पुढचा लाकडी मुठा मागे ओढला, की बोल्ट चक्क बंदुकीच्या पाठीतून बाहेर येतो, रिकामं काडतूस बाजूने उडवतो, आणि बाहेर दिसणारा घोडा मागे पाडून ताणून ठेवतो. मुठा पुढे ढकलला की खालच्या नळकांड्यातलं नवं काडतूस कॅरियरवर चढून चेंबरमध्ये जातं आणि बोल्ट लॉक होतो. थिअरी ऑफ मशीन्सच्या सरांनी हे मॉडेल वर्गात आणलं, तर मागच्या बाकावरचेही जागे होतील. एकच भानगड. बोल्ट मागे येतो तो थेट तुमच्या अंगठ्याच्या वरून येतो. हात जरा वर धरला की चामडी गेली. आजोबांच्या उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात एक पांढरा व्रण आहे. तो बघून ही माणसं एकमेकांना ओळखतात म्हणे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या बंदुकीत डिसकनेक्टर नाही. आजच्या पंप शॉटगनमध्ये प्रत्येक गोळीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. हिच्यात चाप दाबून धरला आणि नुसता पंप चालवला, तरी बोल्ट बंद झाला की गोळी सुटते. याला स्लॅम फायर म्हणतात. सहा गोळ्या, पाच नळकांड्यात आणि एक चेंबरमध्ये, काही सेकंदांत संपतात. खंदकाच्या वळणावर समोरासमोर गाठ पडली, तर याचा अर्थ काय होत असेल तो विचार करा.

कारण ही बंदूक प्रसिद्ध झाली ती पहिल्या महायुद्धात. अमेरिकेने १९१७ मध्ये युद्धात उडी घेतल्यावर शिकारीच्या या बंदुकीची नळी वीस इंचांवर आणली, आणि नळीवर भोकं पाडलेल्या पत्र्याचं आवरण बसवलं. गोळ्या झाडून नळी तापते, आणि संगीन लावून लढताना ती हाताने धरावी लागते, म्हणून हे आवरण. पुढे संगीन अडकवायचा लोखंडी जोड. ही झाली ट्रेंच गन. पण चिखलात एक अडचण आली. तेव्हा काडतुसाचं कवच कागदाचं असे. ओलीने ते फुगायचं आणि चेंबरमध्ये जायचंच नाही. मग अख्ख्या पितळेची काडतुसं आली.

सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने अधिकृत निषेध नोंदवला, की शॉटगन हे १९०७ च्या हेग कराराविरुद्ध, विनाकारण यातना देणारं हत्यार आहे, आणि ते घेऊन सापडलेल्या कैद्याच्या जिवाची हमी नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी तो फेटाळला आणि आमच्या माणसांना हात लावलात तर आम्हीही गप्प बसणार नाही, असं कळवलं. विषारी वायू आणि ज्वालाफेकी यंत्रं वापरणाऱ्यांनी शॉटगनबद्दल तक्रार करावी, यावर आजोबा हसले. मला तेवढं हसू आलं नाही. वायू वापरणारा म्हणतोय म्हणून तक्रार खोटी ठरते का? मला या प्रश्नाचं उत्तर अजून नीट देता येत नाही. नऊ छर्रे, पाच पावलांवरून. ज्या वस्तूच्या यंत्रणेवर मी इतकी खूश झाले होते, ती याच कामासाठी होती, हे विसरून हा लेख लिहिणं बरं दिसलं नसतं.

आता छंदाकडे. जुन्या लष्करी शॉटगन गोळा करणाऱ्यांचा निम्मा वेळ एकाच कामात जातो. समोरची बंदूक खरी की बनावट? कारण साधी १८९७ लाखोंनी बनली, पण ट्रेंच गन त्यामानाने थोड्या. साध्या बंदुकीची नळी कापून, वर भोकांचा पत्रा चढवून, ‘यू.एस.’ आणि ज्वाला निघणाऱ्या बॉम्बचा शिक्का ठोकला की किंमत कुठल्या कुठे जाते. म्हणजे इथेही आपल्याकडच्या नोटांसारखं, पोट खुणा ओळखण्यावर.

आजोबांनी मला काही खुणा दाखवल्या. पत्र्यावरच्या भोकांच्या ओळी मोजायच्या. पहिल्या महायुद्धातल्या पत्र्याला सहा ओळी, दुसऱ्या महायुद्धात नंतर चार. पहिल्या युद्धातल्या ट्रेंच गन सॉलिड फ्रेम, म्हणजे नळी सुटी न होणाऱ्या. दुसऱ्या युद्धातल्या टेकडाउन, नळी फिरवून वेगळी करता येणाऱ्या. टेकडाउन बंदुकीवर नंबर दोन ठिकाणी असतो, बॉडीवर आणि नळीच्या बाजूच्या भागावर, आणि दोन्ही जुळायला हवेत. म्हणजे कोणी तुम्हाला ‘पहिल्या महायुद्धातली’ म्हणून टेकडाउन विकत असेल तर नमस्कार करून निघायचं. आणि सगळ्यात मोठी खूण, शिक्का आणि मुलामा यांचं वय. जुना शिक्का बाकीच्या बंदुकीइतकाच जुना आणि विरलेला दिसायला हवा. नंतर ठोकलेल्या शिक्क्याच्या आत धातू नवा दिसतो.

इथे मला माझा पराक्रम सांगावा लागेल.

आजोबांकडे दुसऱ्या महायुद्धातली एक ट्रेंच गन आहे, चार ओळींची. त्यांनी तिचा भोकांचा पत्रा काढून बेंचवर ठेवला होता, तेल द्यायला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते वर गेले. मी एकटीच. पत्र्यावर एका बाजूला तपकिरी डाग होते. आमच्या शाळेत दर सोमवारी असेंब्लीला सिस्टर बेल्टचं बक्कल तपासायच्या. ब्रासो लावून चेहरा दिसेल इतकं चकचकीत नसेल, तर मैदानाला एक चक्कर. दहा वर्षांची ती सवय! मी बेंचवरचा भांडी घासायच्या स्क्रबरसारखा हिरवा तुकडा उचलला आणि म्हटलं, आजोबा खाली येईपर्यंत करून टाकू. घासलं. डाग गेले. डागांबरोबर काळा-निळा रंगही गेला आणि खालचं पांढरं लोखंड निघालं. मला वाटलं, व्वा!

तो काळा-निळा रंग म्हणजे रंग नसतोच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ब्लूइंग म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साईड, मुद्दाम चढवलेला. लाल गंज फुगतो आणि पोखरत जातो, हा काळा थर मात्र पातळ बसतो आणि तेल धरून ठेवतो. ऐंशी वर्षांत तो जिथे हात लागला तिथे विरतो, जिथे घाम लागला तिथे तपकिरी होतो. तो विरलेपणाच बंदूक खरी असल्याचा पुरावा. नव्याने ब्लूइंग करता येतं, पण मग बंदूक ‘रिफिनिश’ ठरते आणि गोळा करणाऱ्यांच्या लेखी तिची किंमत धाडकन उतरते. डाग काढायचेच असतील तर तेल लावून ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मऊ फडक्याने हलकेच पुसायचं. एवढंच.

आजोबा खाली आले. दिव्याखाली पत्रा धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मग पट्टी घेऊन मोजलं आणि म्हणाले, “दोन इंच. डावी बाजू.” प्रत्येक बंदुकीची त्यांनी एक वही ठेवली आहे. कुठून घेतली, कधी उघडली, कुठला स्क्रू बदलला, किती गोळ्या झाडल्या. त्यांनी त्या वहीत तारीख घातली आणि लिहिलं, पाहुणीने घासलं, डावी बाजू, दोन इंच. मी सॉरी म्हटलं तर म्हणाले, उद्या ही कोणी विकत घेतली तर त्याला हे आमच्याकडे झालं हे कळायला हवं, नाहीतर तो मला बनावटगिरी करणारा समजेल. त्यांनी मला वही वाचायला दिली. आधीच्या पानांवर त्यांच्या स्वतःच्या दोन चुका लिहिलेल्या होत्या.

त्या रात्री मी जेवले नाही. मावशीला वाटलं मला पिझ्झा आवडला नाही.

मला वाटलं होतं, आता तळघर बंद. पण पुढच्या रविवारी त्यांनीच रेंजवर बोलावलं. मी मनात सहा वेळा ती बंदूक उडवून झाले होते. निघताना ते म्हणाले, “तू बघायला येतेस. उडवायला नाही.” कारण तिथला केंद्रीय कायदा. माझ्यासारखी व्हिजिटर व्हिसावर आलेली व्यक्ती, तिच्याकडे तिथलं शिकारीचं लायसन्स वगैरे नसेल, तर बंदूक बाळगू शकत नाही, आणि रेंजवर हातात घेणं हेही बाळगणंच. माझा मावसभाऊ म्हणाला, कोण बघतंय? आजोबा म्हणाले, मी. विषय संपला. पत्रा हा नुसता सुटा भाग होता म्हणून मला हात लावता आला होता, आणि त्याचं मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

रेंजवर मला जे बघायला मिळालं ते मात्र उडवण्यापेक्षा भारी निघालं. आजोबांचे एक मित्र त्यांच्या वडिलांची बंदूक घेऊन आले होते. १८९७ च, पण सोळा बोअरची, शिकारीची. बरोबर दुकानातून आणलेला नवाकोरा काडतुसांचा खोका, पावणेतीन इंची. काडतूस चेंबरमध्ये सहज गेलं. बोल्ट बंद झाला. आजोबांनी थांबवलं. खिशातून एक खुणा केलेला गेज काढला, बंदूक रिकामी करून घेतली, आणि चेंबरमध्ये घातला. चेंबर निघाला अडीच इंच आणि वर अर्धं सूत. आपल्या वर्कशॉपमध्ये इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे फर्स्ट इयरला सुतारकामात शिकलो तेच. काडतूस पावणेतीन, म्हणजे अडीच आणि दोन सूत. फरक दीड सुताचा. पावणेपाच मिलिमीटर.

मित्र म्हणाले, अहो पण बसलं ना आत! हीच तर खरी फसगत आहे, आणि हे नीट समजून घ्या. काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडवल्यानंतरची असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडून बंद केलेलं असतं, त्यामुळे ते आखूड असतं आणि आखूड चेंबरमध्येही बिनबोभाट बसतं. उडताना दुमडलेलं तोंड उघडतं. चेंबर पुरेसा लांब असेल तर ते चेंबरमध्येच उघडतं. आखूड असेल तर ते पुढच्या निमुळत्या भागात, म्हणजे फोर्सिंग कोनमध्ये उघडतं, आणि ज्या वाटेने छर्रे जायचे ती वाट स्वतःच अडवतं. दाब वाढतो. पहिल्याच गोळीला नळी फुटेल असं नाही, खरं तर बहुधा फुटणार नाही. दहा उडतील, पन्नास उडतील. म्हणून तर लोक म्हणतात, काही होत नाही.

दाब किती? अमेरिकेतल्या काडतुसांच्या मानकाप्रमाणे पावणेतीन इंची बारा बोअरला कमाल सरासरी दाब ११,५०० पीएसआय, म्हणजे सुमारे ७९ मेगापास्कल. परत आल्यावर मी हा हिशोब केला. समजा चेंबर आतून २०.४ मिलिमीटर आणि भिंत ४ मिलिमीटर. थिन सिलिंडरचं सूत्र, पी डी बाय टू टी, लावलं तर ताण येतो २०१ मेगापास्कल. पण ही नळी थिन नाहीच. भिंत व्यासाच्या विसाव्या भागापेक्षा बरीच जाड आहे, म्हणजे लामेचं समीकरण लावायला हवं. तेव्हा आतल्या कडेला ताण येतो २४८! थिनचं सूत्र जवळजवळ पन्नास मेगापास्कल कमी दाखवतं, आणि तेही नेमकं जिथून चीर सुरू होणार तिथे. व्हायवाला ‘थिन आणि थिक मधला फरक सांगा’ विचारतात तेव्हा आपण ‘सर, वन बाय ट्वेंटी’ एवढं म्हणून मोकळे होतो. तो फरक कशाला आहे, हे मला ओहायोच्या रेंजवर कळलं.

त्यात शंभर वर्षांपूर्वीचं स्टील, शंभर वर्षांपूर्वीचं हीट ट्रीटमेंट. आणि आत गंजाचे खड्डे असले तर आणखी वाईट. ते खड्डे येण्याचं कारणही मजेशीर आहे. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराईड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते हवेतली ओल खेचतं आणि नळी आतून खातं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणजे बंदूक गंजू नये म्हणून ती पाण्याने धुवायची! ज्या सैनिकाने नुसतं तेल लावलं त्याची नळी आज खड्ड्यांनी भरलेली असते.

मित्रांनी त्या दिवशी ती बंदूक उडवली नाही. नाराज होते. वडिलांनी आयुष्यभर हीच वाजवली, म्हणाले. आजोबा म्हणाले, वडिलांची काडतुसं आखूड होती. त्या मापाची काडतुसं आजही मिळतात, पण शोधून मागवावी लागतात. चेंबर मशीनवर वाढवूनही घेता येतो, पण मग भिंत पातळ होते आणि बंदूक मूळची राहत नाही. ते मित्र काय करणार, माहीत नाही. जाताना त्यांनी गेज उसना मागून नेला, घरी आणखी दोन आहेत म्हणून.

आजोबांनी स्वतः उडवली ती त्यांची चिनी नक्कल. चीनच्या नॉरिन्को कंपनीने १८९७ ची हुबेहूब प्रत काढली होती, ट्रेंच गनसकट. म्हणून त्यांचा नियम असा की वाजवायला चिनी, जपायला अमेरिकन. एका वेळी एकच काडतूस भरतात, स्लॅम फायर अजिबात नाही. धक्का कसा बसतो ते त्यांच्या खांद्याकडे बघून कळत होतं. नऊ छर्रे मिळून एकतीसेक ग्रॅम, सेकंदाला चारशे मीटर, आणि बंदूक साडेतीन किलोच्या आसपास. मोमेंटम फर्स्ट इयरचाच, करून बघा. बंदूक साडेतीन मीटर वेगाने मागे येते, आणि तेही दारूच्या वायूंचा हिशोब न धरता.

दुर्मीळ म्हणाल तर १८९७ काहीच नाही. विंचेस्टरचीच मॉडेल १२ आहे, घोडा आत लपवलेली, पण स्लॅम फायर तिच्यातही. इथाका ३७ रिकामं काडतूस खालून टाकते, त्यामुळे डावखुऱ्यांची लाडकी. इटलीची फ्रँची स्पास-१२ तुम्ही ‘ज्युरासिक पार्क’मध्ये बघितली आहे. पंप आणि सेमी-ऑटोमॅटिक दोन्ही प्रकारे चालते, आणि म्हणूनच जड आणि गुंतागुंतीची. तिच्या सुरुवातीच्या लिव्हरच्या सेफ्टीत असा दोष होता की सेफ्टी काढतानाच गोळी सुटू शकायची. तो भाग बदललाय का, हे घेणारा आधी बघतो. पॅनकॉर जॅकहॅमर तर मोजक्या प्रोटोटाइपांपुढे गेलीच नाही. व्हिडिओ गेममध्ये ती जितकी आहे त्याच्या हजाराव्या भागानेही खरी नाही.

कायदाही दुर्मीळपणा वाढवतो. अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनची तिथे १९३४ च्या कायद्याने केंद्राकडे नोंद लागते. १९९४ मध्ये यूएसएएस-१२, स्ट्रायकर-१२ आणि स्ट्रीट स्वीपर या तीन शॉटगन रातोरात ‘डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस’ वर्गात गेल्या, बॉम्ब आणि तोफांच्या शेजारी. कारण नळी अर्ध्या इंचापेक्षा मोठी, आणि खेळासाठी उपयोग नाही. साडेअठरा मिलिमीटर अर्ध्या इंचापेक्षा मोठीच. म्हणजे प्रत्येक बारा बोअर त्या मापात बसते, ‘खेळासाठी आहे’ या एका शब्दावर बाहेर राहते.

आपल्याकडे हा छंद होणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका लायसन्सवर दोनच बंदुका, आणि ते लायसन्स मिळवणं हा वेगळाच प्रोजेक्ट. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिथे प्रत्येकाकडे आजोबांसारखी वही असते असं मला दिसलं नाही.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बँकेत गेले होते, एज्युकेशन लोनच्या सहीसाठी. दारात सिक्युरिटी काका, मांडीवर बारा बोअर, छातीवर पट्ट्यात काडतुसं. ‘शक्तिमान’, आपल्या खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीची. मी विचारलं, काका, चेंबर पावणेतीनचा आहे ना? ते म्हणाले, मॅडम, लोनचं काउंटर चार नंबरला आहे.

मी गुपचूप आत गेले. पण पुढच्या महिन्यात पुन्हा गेले तेव्हा त्यांनीच हाक मारली. “तुम्ही ते काय विचारत होता? नळीखाली सत्तर लिहिलंय. सत्तर मिलिमीटर.” मी मनात पंचवीस पॉइंट चारने भागलं आणि म्हटलं, बरोबर आहे काका, पावणेतीन.